कामाला माणूस मिळत नाहीं

गेल्या पौषांत घरच्या एका कामानिमित्त आम्ही आळेफाट्यास उतरलों, तेव्हां अजून पुरतें उजाडलें नव्हतें. पुण्याहून नाशिकला जाणारा आणि कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणारा असे दोन मोठे रस्ते येथें एकमेकांस छेदतात; त्यामुळें या चौकाला रात्र अशी नसतेच. कांद्याच्या गाड्या, दुधाच्या गाड्या, चहाच्या टपऱ्या यांची वर्दळ चालू होती, आणि त्या वर्दळीच्या एका कडेला चाळीसपन्नास बाया व थोडे पुरुष, कान बांधून, हातांत भाकरीचें फडकें घेऊन उभे होते. शेतकरी मोटारसायकलीवरून येत, टोळीच्या म्होरक्याशीं दोन शब्द बोलत आणि पुष्कळसे तसेच परत फिरत. त्या परत फिरणाऱ्यांत आमचे वडील बंधुहि होते. त्यांची दोन एकर कांद्याची लागण चार दिवसांपासून खोळंबली होती, रोपें वाफ्यांवर वाढून चाललीं होतीं आणि ठरलेली टोळी ऐन वेळीं दुसरीकडे गेली होती. आम्हांस गाडीवर मागें बसवितां बसवितां ते म्हणाले, "कामाला माणूस मिळत नाहीं. कष्टाला आतां कोणी तयारच नाहीं."

हें वाक्य आमच्या चांगलें ओळखीचें आहे, आणि आमच्या वाचकांच्याहि असावें. शहरांतल्या बैठकींत तें धुणेंभांडी करणाऱ्या बाईविषयीं निघतें, घर बांधणाऱ्याच्या तोंडीं गवंड्याविषयीं निघतें, आणि तें उच्चारणारा मनुष्य सहसा खुर्चीवर बसलेला असतो. बंधूंचें तसें नव्हतें. पहांटे तीनला उठून, वीज रात्रीची म्हणून अंधारांतच पिकास पाणी देऊन ते आलेले होते. त्यांच्या बोलण्यांत तक्रारीपेक्षां काकुळतीच अधिक होती. म्हणूनच 'तयार' हा त्यांचा शब्द आमच्या मनांत रुतून राहिला. मनुष्य एखाद्या कामाला तयार आहे असें आपण म्हणतों तेव्हां नेमकें काय म्हणत असतों?

आधीं तें काम तरी काय आहे तें पाहूं. उन्हाळी कांद्याचें रोप आश्विन-कार्तिकांत टाकतात आणि मार्गशीर्ष-पौषांत उपटून शेतांत लावितात. राजगुरुनगरास कांदा व लसूण यांच्या संशोधनाची मोठी सरकारी संस्था आहे; शास्त्रज्ञांच्या शिफारशीप्रमाणें दोन ओळींत पंधरा आणि दोन रोपांत दहा सेंटिमीटर अंतर असावें. या हिशेबानें बांध आणि पाट सोडून दिले तरी एका एकरांत अडीच लाख रोपें बसतात. अडीच लाख वेळां कोणा तरी माणसाचा आंगठा चिखलांत शिरला पाहिजे. ओल्या वाफ्यांत उकिडवें बसून, डाव्या हातांत रोपांची जुडी धरून, उजव्या हातानें एकेक रोप खोंचीत मागें मागें सरकत जावयाचें. वीसबावीस बायांची टोळी असली तर एक एकर एका दिवसांत उरकतो. म्हणजे एकेकीच्या वांट्याला अकराबारा हजार रोपें आलीं. आमच्या बंधूंकडे टोळीनें उक्तें एकरी तेरा हजार मागितले होते. रक्कम ऐकून आम्हीहि प्रथम दचकलों. मागाहून कागदावर भागाकार करून पाहिला तेव्हां एका रोपास पांच पैशांच्या आंतबाहेर मजुरी पडली, आणि त्यांतूनहि पिकप गाडीवाल्याचें भाडें जावयाचें होतें.

इंग्लंडचा इतिहास शिकवितांना आम्ही दरवर्षीं एक प्रकरण सांगत आलों. १३४८ सालीं त्या देशांत काळ्या मरीची सांथ आली, गांवेंच्या गांवें ओस पडलीं, आणि जगला वांचला तो शेतमजूर एकाएकीं मोलाचा झाला. तो अधिक मजुरी मागूं लागला. न दिल्यास दुसऱ्या गांवीं जाऊं लागला. लगेच जमीनदारांनीं ओरड केली कीं, लोक आळशी व उद्धट झाले, कामाला कोणी तयार नाहीं. १३४९ मध्यें राजाचा हुकूम निघाला आणि १३५१ त कायदा झाला कीं, मजुरी सांथीपूर्वीच्या दरांहून अधिक देऊं वा घेऊं नये. सांथीच्या आधीं तींच माणसें त्याच शेतांवर त्याहून कमी दरानें राबत होतीं. त्या वेळच्या त्यांच्या 'तयारी'चें कौतुक कोणीं लिहून ठेविलेलें आम्हांस आढळलें नाहीं. मजूर मिळत होता तोंवर त्याच्या मनाचा प्रश्नच उपस्थित झाला नव्हता. तो मिळेनासा झाला तेव्हांच त्याला मन असल्याचें कळलें, आणि कळतांच तें वाईट ठरलें.

हें सारें सहाशें सत्तर वर्षांपूर्वींचें, असें म्हणून सोडून देण्याची सोय नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत वि. स. पागे यांच्या विचारांतून महाराष्ट्रानें रोजगार हमीची योजना उभी केली, १९७७ त तिचा कायदा केला, आणि २००५ मध्यें सबंध देशानें तसाच कायदा केला. तेव्हांपासून गांवोगांवच्या बागाईतदारांची तक्रार एकच: रस्त्याच्या कामावर माणूस जातो, शेतावर येत नाहीं. २०२५ च्या डिसेंबरांत केंद्र सरकारनें २००५ चा कायदा बाजूस सारून नवा केला. त्यांत कामाचे दिवस शंभरांचे सव्वाशें केले. पण पेरणी-कापणीच्या ऐन दिवसांत मिळून साठ दिवस हीं कामें बंद ठेवावींत अशी तरतूदहि घातली. हेतु उघड आहे, शेतकऱ्यास मजूर मिळावा. मजुराला वर्षांतून जे थोडे दिवस आपल्या श्रमाचा भाव करतां येतो, त्याच दिवसांत त्याचा दुसरा दरवाजा लावून घ्यावयाचा, हा न्याय आम्हांस १३५१ च्याच जातीचा वाटतो. बंधूंस आम्ही हें बोललों तेव्हां ते रागावले नाहींत. ते एवढेंच म्हणाले, "तुमचा पगार दर महिन्याला येतो."

ॲडम स्मिथनें १७७६ त असा सिद्धांत मांडला कीं, काम जितकें कष्टाचें वा किळसवाणें, तितकी त्याची मजुरी अधिक असते; नाहीं तर तें करावयास कोणी येणार नाहीं. सिद्धांत मोठा सुबक आहे आणि बी. ए. च्या वर्गांत तो सांगतांना विद्यार्थ्यांच्या माना डोलतात. पण पाऊणशें वर्षांनीं, १८४८ त, जॉन स्टुअर्ट मिलनें डोळे उघडून बाजारांत पाहिलें आणि लिहिलें कीं प्रत्यक्षांत उलटें घडतें. खरोखर कंबर मोडणारीं कामें सर्वांत कमी मोलानें होतात, कारण ज्यांना निवड करण्याची सोय नाहीं अशांच्याच गळ्यांत तीं पडतात. स्मिथनें आपला मजूर मनांत कल्पिला तो चार दरवाजांपुढें उभा असलेला. मिलनें जो पाहिला त्याच्यापुढें एकच होता.

आमच्या शेतावर टोळी आली ती सहाव्या दिवशीं. शेत आळे गांवच्या अंगाला आहे. ज्ञानेश्वरांनीं पैठणास ज्या रेड्याच्या मुखीं वेद वदविले, त्यानें परतीच्या वाटेवर येथें देह ठेविला अशी कथा असून त्याची समाधि गांवांत आहे. पंचक्रोशींतले लोक भक्तिभावानें तेथें जातात. लहानपणीं ही कथा ऐकतांना आमचा ऊर भरून येत असे, अजूनहि येतो. मात्र एवढा एक विचार आतां मनांत डोकावतो कीं, त्या मुक्या जनावरास वाचा फुटली तीहि आमच्या पोथींतली. पाठीवरच्या पखालीविषयीं तें काय बोललें असतें, हें त्या धर्मसभेंत कोणीं विचारिलें नसावें.

टोळींतल्या बाया जुन्नर-आंबेगांवच्या पश्चिमेच्या डोंगरांतल्या, महादेव कोळी आणि ठाकर समाजांतल्या होत्या. पावसाळ्यांत तिकडे भात होतें, उन्हाळ्याच्या तोंडाशीं जंगलांत हिरडा गोळा करावयाचा असतो. मधल्या महिन्यांत पोटासाठीं खालीं उतरावें लागतें. आमच्या भागांत कांदा आणि ऊंस आला तो कुकडी प्रकल्पाच्या धरणांचें पाणी आलें म्हणून. आणि तीं धरणें झालीं तीं याच डोंगरांतल्या खोऱ्यांत. डिंभ्याच्या जलाशयाखालीं आंबेगांव तालुक्यांतल्या आदिवासींचीं गांवें व भाताचीं खाचरें गेलीं. ज्यांची जमीन पाण्याखालीं गेली त्यांच्याच जातगोतांतलीं माणसें त्या पाण्यावर भिजलेल्या वाफ्यांत उकिडवीं बसतात. हें कोणा एकानें ठरवून केलेलें नाहीं हें खरें, परंतु ठरवून केलें असतें तर याहून वेगळें काय झालें असतें तें आम्हांस सांगतां येत नाहीं.

त्यांतल्या एका वयस्क बाईंशीं आमचें बोलणें झालें. आम्हीं विचारिलें, "मावशी, दरसाल येतां का?"

"यावंच लागतं, सर. भात घरात आलं का इकडं."

"घरीं कोण असतं?"

"म्हातारा हाय. धाकटी लेक आश्रमशाळंत हाय, धावीला. ती न्हाई यायची या कामाला." आणि थोड्या वेळानें त्यांनीं विचारिलें, "तुमची लेक काय करती?"

आमची कन्या बेंगळुरास एका कचेरींत नोकरी करते, असें आम्हीं सांगितलें. आमच्या मनांत चोर होता, म्हणून यावर कांहीं टोमणा येईल असें वाटलें. तो आला नाहीं. हातांतली जुडी संपवून त्या म्हणाल्या, "ब्येस केलं."

आमच्या मातोश्रीहि याच मताच्या होत्या. दोघां भावांत अभ्यासांत जो पुढें गेला त्याला त्यांनीं पुण्यास धाडिलें, आणि तो परत येऊं नये म्हणूनच धाडिलें. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण त्यांना ठाऊक होती; पण ती शेताच्या मालकानें रचलेली आहे, खुरपें धरणारीनें नव्हे, हेंहि त्या जाणत असाव्यात. मोठेपणीं आम्हीहि तसेंच केलें. कन्येसाठीं स्थळें पाहिलीं तेव्हां तालुक्यांतलीं बागाईतदारांचीं दोन घरें चालून आलीं होतीं. आम्हीं तीं 'मुलीला जमणार नाहीं' म्हणून परतविलीं, आणि मुलीस विचारिलेंहि नाहीं. आज आमचा पुतण्या एकतिसाव्या वर्षीं अविवाहित आहे. दोष त्याचा एवढाच कीं तो कृषिशास्त्राची पदवी घेऊन शेती करितो. २०२२ च्या डिसेंबरांत सोलापुरास अविवाहित तरुणांनीं नवरदेवाचा वेष करून, घोड्यांवर बसून जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीवर मोर्चा नेला, तेव्हां वृत्तपत्रें वाचून पुष्कळांना हसूं आलें. आमच्या घरीं कोणी हसलें नाहीं. त्याला मुलगी नाकारणाऱ्यांत शेतकरी बापच अधिक आहेत. म्हणजे कष्टाला तयार नसण्याचा जो दोष बंधु चौकांतल्या बायांना देत होते, तो त्यांच्याच सोयऱ्याधायऱ्यांत, आणि सर्वांआधीं त्यांच्या सख्ख्या भावांत, पुरेपूर भरलेला आहे.

यावर एक जुनें उत्तर आहे: सर्वांनींच थोडे थोडे अंगमेहनतीचे कष्ट करावेत. टॉल्स्टॉयनें तें सांगितलें, गांधीजींनीं त्याचें व्रत केलें. त्या उत्तराबद्दल आम्हांस मनापासून आदर आहे. टॉल्स्टॉयच्या 'ॲना कॅरेनिना'त लेव्हिन नांवाचा जमीनदार आपल्या कुळांबरोबर दिवसभर गवत कापतो आणि त्या तंद्रींत त्याला विलक्षण सुख लाभतें. तें वर्णन वर्गांत वाचतांना आमचा आवाज अजूनहि बदलतो. तेव्हां आम्हीहि धोतर खोंचून, खरें म्हणजे पाटलोण दुमडून, एका वाफ्यांत बसलों. सूर्य कासराभर वर आला नाहीं तोंच पाठीनें जबाब दिला. सुखाची तंद्री कांहीं लागली नाहीं. आम्हीं लाविलेली ओळ पाहून बंधु म्हणाले कीं रोपें फार खोल गेलीं, कांदा पोसणार नाहीं. आणि एका मुलीला बोलावून त्यांनीं ती सबंध ओळ पुन्हां लावून घेतली. त्या मुलीचें दुप्पट काम झालें, तें आमच्या नीतिविचारामुळें! लेव्हिनचें सुख खोटें नव्हे. पण संध्याकाळीं तो वाड्यावर जाणार होता, दुसऱ्या दिवशीं मन नसलें तर कापणार नव्हता, आणि त्याच्या सुखाचें अर्धें कारण हेंच होतें असें आम्हांस आतां वाटतें.

ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत एक प्रश्न टाकिला आहे. वादळांत सांपडलेला नाखवा जहाज वांचविण्यासाठीं माल समुद्रांत फेकून देतो; तें तो स्वेच्छेनें करितो कीं नाहीं? हात त्याचे, निर्णय त्याचा. तरी शहाणासुरता मनुष्य निवांत समुद्रावर आपला माल फेकीत नाहीं. ॲरिस्टॉटल अशा कृत्यांस मिश्र म्हणतो, आणि अखेर त्यांना स्वेच्छेच्या बाजूस ढकलतो. आमच्या चौकांतल्या बायांचें येणें असेंच मिश्र आहे. त्यांना कोणी दोरानें बांधून आणीत नाहीं. परंतु किनाऱ्यावर उभा राहून जो तो फेकलेला माल गोळा करितो, त्यानें 'नाखव्यानें स्वखुषीनें दिला' असें म्हणूं नये, आणि वादळ शमूं लागलें तर 'नाखवे बिघडले' असेंहि म्हणूं नये. 'हो' या शब्दाला किंमत येते ती 'नाहीं' म्हणण्याची सोय असली म्हणजेच. आपल्या गांवांत पूर्वीं सावड होती. आज तूं माझ्या शेतावर, उद्यां मी तुझ्या. तिथें 'तयार' हा शब्द खरा होता, कारण दोघांच्या हातीं सारखेंच नाकारणें होतें. त्याच गांवांत वेठहि होती, आणि वेठीला येणाऱ्यालाहि पाटील 'तयार आहे' असेंच म्हणत असेल. आज टोळीचा म्होरक्या भाव सांगतो, दुसरीकडे जातो, चार दिवस खोळंबा करितो, याचा आम्हांस जेवढा त्रास झाला तेवढेंच तें आम्हांस शुभ चिन्ह वाटूं लागलें आहे. त्या डोंगरांतल्या बाया प्रथमच थोड्याशा तयार होऊं लागल्या आहेत.

हें आम्ही लिहितों खरें. पण या शुभ चिन्हाची किंमत आमच्या हातून जात नाहीं, बंधूंच्या हातून जाते, हें विसरून चालणार नाहीं. टोळीला तेरा हजार दिले, खतें-औषधें, वीज, काढणी, चाळींत भरणें हें सारें केलें, आणि मग भाव काय मिळेल तें दिल्लीस ठरतें. २०२३ च्या ऑगस्टांत सरकारनें कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के कर बसविला, आठ डिसेंबरास निर्यातच बंद केली, ती २०२४ च्या मेमध्यें उठविली, आणि उरलासुरला कर २०२५ च्या एप्रिलांत काढला. हें सर्व कोणासाठीं? आमच्यासाठीं, म्हणजे हें मासिक ज्यांच्या घरीं येतें त्या कुटुंबांसाठीं. कांदा साठ रुपये किलो झाला कीं आपण वृत्तपत्रांतून हळहळतों. दहा रुपये झाला कीं आपणांस कांहीं कळतहि नाहीं. कष्टाला कोणी तयार नाहीं ही तक्रार करितांना, त्या कष्टाचें मोल द्यावयास आपण किती तयार आहों हा प्रश्न आमच्या बैठकींत कधीं निघाल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

बंधूंनीं आपल्यापुरता मार्ग काढिला आहे. गेल्या आषाढांत त्यांनीं तीन एकर ऊंस लाविला. कारण विचारिलें तर म्हणाले, "उसाला माणूस शोधावा लागत नाहीं. तोडीला कारखान्याची टोळी येते." आजूबाजूचे पुष्कळ शेतकरी हाच हिशेब करीत आहेत. ती टोळी येते बीडकडून, अहिल्यानगरच्या दुष्काळी पट्ट्यांतून. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून पावसाळ्यांतच उचल घेतलेली. ती फिटेपर्यंत हंगामभर 'नाहीं' म्हणण्याची सोय नाहीं, आणि एक दिवस आजारी पडलें तर खाडा. २०२४ च्या आरंभीं तोडणीच्या दरांत ३४ टक्के वाढ ठरली ही चांगलीच गोष्ट झाली. पण २०१९ मध्यें राज्य सरकारच्या समितीनें बीड जिल्ह्यांतल्या ८२,३०९ ऊंसतोड स्त्रियांची पाहणी केली, तींत १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. हा आंकडा वाचल्यापासून 'उसाला माणूस शोधावा लागत नाहीं' हें वाक्य आमच्या कानांत वेगळें वाजतें. शिवाय आमच्याकडच्या उसांत आतां बिबट्यांचा वास आहे. माणिकडोहास त्यांच्यासाठीं निवारा केंद्रच करावें लागलें आहे. उसाच्या कडेला पांचटाच्या कोपींत निजलेल्या लेंकरांची आई पहांटे फडांत शिरते तेव्हां तिच्या मनांत काय असतें हें आमच्या बंधूंनाहि कळतें; ते निर्दय नाहींत. ते अगतिक आहेत. डोंगरांतली बाई भाव करूं लागली, म्हणून त्यांना जिला भाव करतां येत नाहीं अशी दुसरी बाई हवी आहे. त्यांना ती शोधावीहि लागत नाहीं. कारखाना आणून देतो.

वडिलोपार्जित जमिनींत आमचा वांटा साडेतीन एकरांचा आहे. आजवर आम्हीं त्याकडे वर्षाला दोन पोतीं गहूं आणि आंब्याची एक पेटी एवढ्याच दृष्टीनें पाहिलें. निघण्यापूर्वीं आम्हीं बंधूंस सुचविलें कीं, आमच्या वांट्यांत ऊंस लावूं नये, कांदाच ठेवावा. टोळी मागेल तो दर कबूल करावा, तो पौषांत नव्हे तर दिवाळीपूर्वींच डोंगरांत जाऊन ठरवावा, आणि तूट आली तर ती आमच्या पगारांतून भरावी. वहिनी म्हणाल्या, "भावजी, दोन वर्षं भाव पडला की मग बोला." बंधु हंसले, पण खिशांतून चोपडी काढून त्यांनीं तो आंकडा लिहून घेतला आणि त्याच्यापुढें आमचें नांव घातलें. मुलीनें पुन्हां लाविलेली ती ओळ चांगली धरली आहे असें परवां पुतण्याचें पत्र आलें. कांदा चैत्रांत निघेल.